अर्धं वचन, दोन बैल

आषाढातल्या एका रविवारी दुपारी उमरगा तालुक्यातल्या एका लहान गावात मशिदीचा दरवाजा सगळ्या गावासाठी उघडा ठेवण्यात आला. इतर धर्मांच्या गावकऱ्यांनी आत यावं, बघावं आणि मनात असेल ते विचारावं, असं बोलावणं आधीच्या आठवड्यात घरोघर गेलं होतं. गावात असा कार्यक्रम पूर्वी झाल्याचं कोणाला आठवत नाही. लोक आले, प्रश्न विचारले गेले, जेवण झालं. गावकऱ्यांच्या विनंतीवरून गावाचं नाव आणि माणसांची आडनावं गाळली आहेत.

पुण्यात माझ्या घराच्या गल्लीत जावेद नावाच्या तरुणाचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे वडील मकबूल गावाकडे शेती करतात. कार्यक्रमाची माहिती त्यानेच दिली आणि येणार का, असं विचारलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीही एक मशीद आहे. तिच्यावरून मी रोज जातो. तिच्या आतली भिंत कोणत्या रंगाची आहे हे मला सांगता आलं नसतं.

शनिवार: धाराशिव ते उमरगा

धाराशिवच्या स्टेशनपासून एसटी स्टँड लांब आहे. रिक्षावाल्याने मला धाराशिव स्टँडला नेऊ की उस्मानाबाद स्टँडला, असं विचारलं आणि मी गोंधळलेला पाहून हसला. दोन्ही एकच. बाहेरून आलेल्या प्रत्येकाला तो हे विचारतो आणि चेहरा बघतो, असं त्याने स्वतःच सांगितलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात त्याच्या आग्रहावरून गुलाबजाम खाल्ले. खव्यासाठी हा जिल्हा ओळखला जातो, आणि पुण्यात त्या नावाखाली जे मिळतं त्याच्याशी या पदार्थाचं फारसं नातं नाही.

तुळजापुरात गाडी भरली. कपाळावर मळवट भरलेल्या बायका, परड्या, पोतं भरून सामान. नळदुर्ग सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन सुरू झालं. रोपं वीतभर झाली होती आणि त्यांच्या ओळींमधून तणही उगवलं होतं. चार-पाच दिवस पावसाची उघडीप होती. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने खिडकीबाहेर बोट करून सांगितलं, की जमीन आता कोळपणीला आली आहे, फार ओली नाही आणि फार कोरडी नाही. कोळपणी म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून बैलांच्या मागे लहानसं पात्याचं अवजार फिरवून तण कापणं. उभ्या पिकात ट्रॅक्टर घालता येत नाही, म्हणून ज्यांनी ट्रॅक्टर घेतले त्यांनाही या दिवसांत बैल लागतात. पाऊस पुन्हा लागला तर तण पिकाच्या वर जातं. तो म्हणाला, "हे तीन-चार दिवस गेले, की गेले."

उमरग्याच्या अलीकडे गाडीत कन्नड ऐकू यायला लागली. उतरल्यावर मकबूल घ्यायला आले होते. वय साठीच्या पुढचं, पांढरी दाढी, डोक्याला टॉवेल. मोटारसायकलवर बसताना त्यांनी मला माझी बॅग मांडीवर घ्यायला सांगितली, कारण कॅरिअरला पेंडीचं पोतं बांधलेलं होतं.

शनिवार संध्याकाळ: लिंबाखालचा बैल

मकबूल यांच्या अंगणात लिंबाच्या झाडाला लाल रंगाचा एक धिप्पाड बैल बांधला होता. लाल कंधारी जातीचा. पुढ्यातल्या पेंडीला त्याने तोंड लावलेलं नव्हतं. गल्लीच्या पलीकडून दुसऱ्या एका बैलाचा हंबरडा आला, की हा मान वळवून तिकडे पाहत राहायचा.

पलीकडचा बैल नागनाथ यांचा. तो देवणी, पांढरा, अंगावर काळे ठिपके. नागनाथ आणि मकबूल यांची रानं एका बांधाला लागून आहेत. दोघांकडे एकेक बैल. दोघं मिळून एक जोडी करतात, आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं. याला इकडे सावड म्हणतात. आधी कोणाचं रान, हे दर वर्षी आलटून-पालटून ठरतं. दोन्ही बैल नागनाथ यांच्या गोठ्यात राहतात, कारण त्यांच्याकडे पाण्याचा हौद आहे. वेगळ्या जातींची ही विजोड जोडी पंचक्रोशीत ओळखीची आहे. दोघांच्या वडिलांचीही सावड होती.

आठवड्याहून अधिक काळ ती बंद होती. कारण मकबूल यांनी सांगितलं नाही. त्यांच्या पत्नी हमीदाबी यांनी भाकरी थापता थापता सांगितलं. घरात त्या दखनी उर्दू बोलतात, माझ्याशी मराठी.

नागनाथ यांना मोबाईलवर जे येतं ते सगळं ते गावाच्या ग्रुपवर पुढे पाठवतात. गुडघेदुखीचे उपाय, देवीचे फोटो, सोयाबीनचे भाव. त्यातच एक मजकूर गेला. मुसलमानांच्या धर्मग्रंथात 'जिथे सापडतील तिथे त्यांना ठार मारा' असा हुकूम आहे, असं त्यात लिहिलं होतं. मकबूल यांनी तो वाचला, गल्ली ओलांडून गोठ्यात गेले आणि आपला बैल सोडला. नागनाथ यांनी दारात येऊन विचारलं, तेव्हा मकबूल यांनी फोन पुढे धरला.

"नागुअण्णा म्हनले, म्या तुझ्याबद्दल टाकलंच न्हाय, तू कुठं त्यातला हायस," हमीदाबींनी सांगितलं. "तेच ह्यांना लागलं. हे म्हनले, मग कुनाबद्दल टाकलं? ह्या गल्लीत दुसरं कोन हाय?"

त्यानंतर बोलणं नाही. मधल्या काळात नागनाथ यांनी शेजारच्या गावातून एक बैल मागून आणला. पण जुवाला जुंपलेल्या प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते, आणि नागनाथ यांचा देवणी उजवीकडे चालतो. मागून आणलेला बैलही उजवीकडेच चालणारा निघाला. डावीकडे जुंपल्यावर तो सारखा आत रेटत राहिला, अवजार तिरकं गेलं आणि तणाऐवजी सोयाबीनच्याच काही ओळी कापल्या गेल्या. नागनाथ यांनी बैल परत नेऊन दिला. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. चाळीस वर्षं बैल जुंपणाऱ्या माणसाने आधी बाजू विचारली नाही, याचं लोकांना नवल वाटत होतं. मकबूल यांनी इतकी वर्षं डावीकडचा बैल आणला, त्यामुळे विचारायची वेळच आली नसावी, असं हमीदाबींचं म्हणणं.

मकबूल यांच्या रानालाही अजून पातं लागलेलं नव्हतं.

जेवणात अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी होती. जेवताना मकबूल उद्याच्या कार्यक्रमाबद्दल पुष्कळ बोलले, बैलांबद्दल बोलले नाहीत. हमीदाबी म्हणाल्या की जुम्म्याला गावच्या मशिदीतल्या मौलानांनी मकबूल यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, की भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये हे तुम्हाला ठाऊक आहे ना. मकबूल यांनी उत्तर दिलं होतं, की ते मुसलमान भावाबद्दल आहे. मौलाना म्हणाले होते, "शेजाऱ्याचा हक्क बघा मग. तो याहून मोठा आहे."

"एवढं ऐकून घरी आले आन् बैलालाच बोलत बसले," हमीदाबी म्हणाल्या. मकबूल यांनी आणखी एक भाकरी मागितली.

रविवार: मशीद

मशीद लहान आहे. आतली भिंत फिकट हिरवी, खाली चटया, एका कोपऱ्यात पंख्याचं रेग्युलेटर दोरीने बांधलेलं. दुपारच्या नमाजानंतर लोक यायला लागले. पुरुष एका बाजूला, बायका ओसरीच्या बाजूला. दारात चपलांचा ढीग झाला. नागनाथ आत आले नाहीत. समोरच्या वडाच्या पारावर ते बसले. मशिदीचं दार आणि खिडक्या उघड्या होत्या आणि पारावर सगळं ऐकू येत होतं. विचारणाऱ्याला ते सांगत होते, की बायकोला न्यायला आलो आहे.

त्यांच्या पत्नी सुमनआक्का आत आल्या होत्या, हातात ताट घेऊन. ताटात नारळ, उदबत्ती आणि गूळ-चपातीचा मलिदा. या भागात पिराला नवस फेडताना हिंदू बायका हेच ताट नेतात, आणि मशिदीचं बोलावणं आल्यावर गल्लीतल्या बऱ्याच जणींनी त्याच हिशेबाने ताटं तयार केली होती. आक्का आत येऊन सगळीकडे बघत उभ्या राहिल्या. समोर कोरी भिंत होती.

"ठेवायचं कुठं?" त्यांनी विचारलं. "इथं तर कुनीच न्हाय."

मौलाना तरुण आहेत, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी सांगितलं की दर्गा वेगळा आणि मशीद वेगळी. इथे काही वाहायचं नसतं, फक्त उभं राहायचं, वाकायचं आणि डोकं टेकायचं. मग त्यांनी ताट हातात घेतलं, मलिदा मुलांना वाटायला दिला आणि नारळ जेवणाच्या पातेल्याकडे पाठवला. उदबत्तीचं काय करावं हे त्यांना सुचलं नाही. ती शेवटपर्यंत त्यांच्या खिशात होती.

नमाजाआधी हातपाय कसे धुतात ते दाखवून झालं. अजानमध्ये बादशहा अकबराचं नाव घेतात, असा गावातल्या अनेकांचा समज होता. 'अल्लाहु अकबर'चा अर्थ ईश्वर सर्वांत मोठा आहे एवढाच, हे ऐकून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी समाधानाने मान हलवली. एवढी वर्षं त्या बादशहाला रोज पाच वेळा का बोलावतात, हे त्यांना कळत नव्हतं.

जिहादचा विषय सरपंचांनी काढला. मौलाना म्हणाले की शब्दाचा मूळ अर्थ खटपट करणं, जिवाचं रान करणं. लढाई हा त्याचा एक भाग आहे, तो नाही असं आपण म्हणणार नाही. पण त्या लढाईला अटी आहेत. जे लढतात त्यांच्याशीच लढायचं आणि मर्यादा सोडायची नाही. बायका, मुलं, म्हातारे आणि मठात राहणारे यांना हात लावायचा नाही. फळझाडं तोडायची नाहीत. आणि रोजची खटपट आपल्या स्वतःच्या रागाशी, ती सगळ्यांत अवघड.

ओसरीवरून हमीदाबींचा आवाज आला. "मग ते पहिलं आमच्या घरात सुरू करा. लिंबाखाली बांधून ठिवलाय राग."

गाव हसलं. मकबूल यांनी चटईकडे पाहिलं.

हसणं ओसरल्यावर पारावरून प्रश्न आला. नागनाथ बसल्या जागेवरून, दाराकडे न बघता बोलले.

"त्यात लिवलंय का न्हाय, सापडतील तिथं मारा म्हनून?"

सरपंचांनी विषय बदलायचा प्रयत्न केला. मौलानांनी त्यांना थांबवलं आणि दारापर्यंत गेले.

"लिहिलंय, अण्णा," ते म्हणाले.

मग ते दारात उभे राहून बोलले, म्हणजे आतल्यांना आणि पारावरच्यांना सारखंच ऐकू येईल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ते वचन एका विशिष्ट लढाईच्या काळातलं आहे. ज्यांनी करार मोडला आणि आधी हल्ला केला त्यांच्याबद्दल आहे. त्यांना चार महिन्यांची मुदत दिली होती. ज्यांनी करार पाळला त्यांना लगतच्या आधीच्या वचनात वगळलं आहे. आणि लगेच पुढचं वचन असं आहे, की त्याच शत्रूंपैकी कोणी आसरा मागितला तर त्याला आसरा द्या आणि त्याला निर्धास्त वाटेल अशा जागी नेऊन पोहोचवा. दुसऱ्या एका ठिकाणी असं आहे, की ज्याने एका निरपराध माणसाला मारलं त्याने जणू सगळ्या माणसांना मारलं.

"मला आलं ते आसऱ्याच्या आधीच तोडलेलं हुतं," नागनाथ म्हणाले.

"तिथेच तोडतात."

"आन् बॉम्ब फोडनारे? ते काय वाचतात?"

"हेच वाचतात," मौलाना म्हणाले. "तेही तिथेच थांबतात. त्यांनी हे वाचलेलंच नाही असं मी म्हणालो, तर खोटं बोलल्यासारखं होईल."



संध्याकाळी मी मौलानांना पुन्हा भेटलो. त्याच वचनात, शत्रूने श्रद्धा स्वीकारली तर त्याची वाट सोडा असंही आहे. हे सक्तीचं धर्मांतर नाही का, असं विचारलं. धर्मात जबरदस्ती नाही असं स्वच्छ वचन आहे आणि ही दोन्ही एकत्र वाचावी लागतात, असं त्यांचं उत्तर. या कठोर वचनाने आधीची सौम्य वचनं रद्द झाली, असं मानणारे जुने भाष्यकार होते, हे त्यांनी कबूल केलं. आपल्याला शिकवणाऱ्यांना ते मान्य नव्हतं आणि आपल्यालाही नाही, असं ते म्हणाले. पुण्यात परतल्यावर दोन मराठी अनुवाद पाहिले. आधीचं वचन, ते वचन आणि पुढचं वचन, तिन्ही त्यांनी सांगितल्याप्रमाणे आहेत.

रविवार दुपार: पार

जेवणात पिवळा भात आणि दालचा, म्हणजे दुधी भोपळा घातलेलं डाळीचं कालवण, होता. कोणाला संकोच वाटू नये म्हणून हमीदाबींनी मांस घातलं नव्हतं, भांडीही नवी मागवली होती. पुण्यात आमच्याकडे पाहुण्याला वाढण्याआधी त्याला काय चालतं हे विचारण्याची पद्धत आहे. इथे विचारत नाहीत. चालेल असंच करतात.

पंगत बसली. मकबूल वाढत होते. एका ताटात भात आणि दालचा घेऊन ते दाराबाहेर आले, चपलांच्या ढिगातून वाट काढत पारावर गेले आणि ताट नागनाथ यांच्या शेजारी ठेवलं.

"रामराम," मकबूल म्हणाले.

बोलणं बंद झाल्यापासूनचा हा पहिला शब्द होता. नागनाथ यांनी ताटाकडे पाहिलं.

"मिरच्या भाभींनी घातल्या का तू?"

"तिनं."

"मग खातो."

मकबूल पारावर टेकले. दोघं रस्त्याकडे तोंड करून बसले. मी दारात होतो, आणि दारात बसलेल्या सुमनआक्कांनी मला हाताने खूण करून बाजूला व्हायला सांगितलं, म्हणजे त्यांना दिसेल. अर्धा भात संपल्यावर नागनाथ बोलले.

"तू त्यातला न्हाईस म्हनलो ते काय चुकलं?"

मकबूल म्हणाले, "नागू, मी त्यातलाच हाय. पाच वेळा तिथंच वाकतो. तू मला त्यातून बाहेर काढून दोस्त केलास. मला तिथं ठिवून दोस्त करायचं हुतं."

नागनाथ यांनी ताट पुसून खाल्लं. मग खिशातून फोन काढला. मजकूर पुसता येतो का बघितलं. वेळ उलटून गेल्याने सगळ्यांच्या फोनवरून तो पुसला जात नव्हता. मौलानांना त्यांनी पारावरूनच हाक मारली आणि आसऱ्याचं ते वचन पुन्हा सांगायला लावलं. अंगठ्याने एकेक अक्षर शोधत ते लिहीत राहिले. बोलून टाईप होतं, असं कोणीतरी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. ग्रुपवर आलेल्या मजकुराच्या शेवटी लिहिलं होतं: 'आधी मी टाकलेलं अर्धं होतं.'

सुमनआक्का रिकामं ताट घेऊन घरी गेल्या. नागनाथ त्यांच्या मागे गेले. बैलांबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

सोमवार: बांध

सकाळी चहा होत होता तेव्हा नागनाथ अंगणात आले. त्यांनी लिंबाजवळ जाऊन लाल कंधारीचं दावं सोडलं. बैल ओढावा लागला नाही, तो आधीच चालायला लागला. मकबूल घरातून बाहेर आले, खुंटीवरची मुसकी काढली आणि मागून निघाले. मुसकी म्हणजे पिकात चालताना बैलाने रोपं खाऊ नयेत म्हणून तोंडाला बांधायची जाळी. गल्लीत त्यांना पाहून एका बाईने विचारलं, "निघाली का जोडी?" नागनाथ म्हणाले, "बैलं म्हनली, लई झालं आता. आमी काय करनार?"

गोठ्यात देवणी उभा होता. लाल कंधारी आपणहून त्याच्या डावीकडे गेला. दोघांना हौदावर पाणी पाजून झाल्यावर जू आणि कोळपं बैलगाडीवर घालून सगळे रानाकडे निघाले. मीही गेलो, माझी एसटी दुपारची होती.

सुमनआक्का आणि हमीदाबी आधीच रानात आल्या होत्या आणि बांधावर बसल्या होत्या. आकाश पश्चिमेला भरून यायला लागलं होतं. दोन्ही रानांचं काम पावसाआधी होईल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हतं. पहिलं रान मात्र होणार होतं. हमीदाबींनी मला दोन्ही रानं दाखवली. डावीकडचं मकबूल यांचं, उजवीकडचं नागनाथ यांचं. नागनाथ यांच्या रानात कडेला सोयाबीनच्या काही ओळी गायब होत्या. मागून आणलेल्या बैलाने कापलेल्या त्याच.

"गेल्या साली पहिलं आमचं झालं," हमीदाबी म्हणाल्या. "औंदा पहिला मान अण्णांच्या रानाचा."

बैलगाडी बांधाशी थांबली. मकबूल यांनी बैल सोडले, कोळप्याचं जू त्यांच्या खांद्यावर घातलं आणि जोडी उजवीकडे वळवली. नागनाथ यांनी पुढे होऊन कासरा त्यांच्या हातातून घेतला आणि जोडी डावीकडे वळवली.

"अण्णा, औंदा तुझं हाय," मकबूल म्हणाले.

"तुला काय मोजता येतं?" नागनाथ म्हणाले. "कोळपं धर."

मकबूल यांनी कोळपं धरलं. पहिली ओळ बांधापर्यंत सरळ गेली.

दुपारच्या गाडीने मी निघालो. संध्याकाळी सोलापूर स्टेशनवरून हमीदाबींना फोन केला. मकबूल यांचं रान पूर्ण झालं होतं. नागनाथ यांचं निम्म्याहून अधिक झालं होतं तेव्हा पाऊस सुरू झाला. काम थांबलं होतं. दोन्ही बैल नागनाथ यांच्या गोठ्यात होते.